सांथीच्या सालांतील मदतकार्याचा हिशेब व पुढील विनंति

(चांदा व गडचिरोली रानपट्टी मदत-कमिटीच्या देणगीदारांच्या सभेंत केलेलें भाषण)



सन २०२० व २०२१ या दोन सालांत करोनाच्या सांथींत आपण सर्वांनीं या कमिटीच्या हातीं जें द्रव्य, धान्य व सामान दिलें, त्याचा तपासलेला जमाखर्च या छापील अहवालाच्या शेवटीं जोडला आहे. तो आम्ही येथें वाचून दाखवीत नाहीं. आंकडे ज्याचे त्यानें घरीं बसून चष्मा लावून पाहावे, आणि शंका येईल तेथें खूण करून चिटणिसांकडे पाठवावें. आपणांपैकीं बहुतेकांचा जन्म रोजकीर्द व खातेवही लिहिण्यांत गेला आहे; त्या कामांत वकिलानें आपणांस शिकवावें असें कांहीं नाहीं. आज बोलावयाचें तें रकान्यांत न बसणारें आहे. आपला पैसा कोठें उपयोगीं पडला, कोठें वायां गेला, सरकारचें काम कोठें संपतें व आपलें कोठें सुरू होतें, आणि हातीं असलेली शिल्लक व नवी वर्गणी आतां कशाकडे लावावी, याविषयीं आम्ही आपला थोडा वेळ घेणार आहों. शेवटच्या गोष्टीवर कमिटींतच मतभेद आहे, आणि तो आपल्यापुढें उघड ठेवणें आम्हांस बरें वाटतें.

प्रथम मुलूख डोळ्यांपुढें आणावा. जुना चांदा जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजीं विभागला जाऊन गडचिरोली वेगळा झाला, तरी नदीनाले व नातींगोतीं विभागलीं गेलीं नाहींत. २०११ च्या खानेसुमारींत चंद्रपूर जिल्ह्याची वस्ती २२ लक्ष ४ हजार व गडचिरोलीची १० लक्ष ७२ हजार भरली. क्षेत्रफळानें मात्र गडचिरोलीच मोठा: १४,४१२ चौरस किलोमीटर; आणि त्यांतला सुमारें तीन-चतुर्थांश भाग जंगल. चौरस किलोमीटरास माणसें ७४. सांथ आली तेव्हां त्या साऱ्या जिल्ह्यांत आगगाडीचें एकच स्टेशन होतें, तें वडसा. गडचिरोलीहून भामरागड पावणेदोनशे किलोमीटरांच्या आसपास, सिरोंचा त्याहूनहि दूर. आणि पर्लकोटेस पूर आला म्हणजे काय होतें, हें २०१९ च्या पावसाळ्यांत भामरागडच्या लोकांनीं एकदां नव्हे, अनेकदां भोगलें आहे. भाषेचेंहि तसेंच. सिरोंच्यास तेलुगु, मुलचेरा व चामोर्शीकडे वसविलेल्या निर्वासितांची बंगाली, कोरचीकडे छत्तीसगढी, भामरागड-एटापल्लीस माडिया, आणि जिवती-कोरपन्याच्या डोंगरांत कोलामांची कोलामी. चंद्रपूर-बल्लारपूरच्या कोळशाच्या व कारखान्यांच्या टापूंत बसून या मुलखाची कल्पना येत नाहीं. आमचीहि नव्हती.

आम्ही वकिलीच्या धंद्यांतले. तेव्हां कायद्याविषयीं चार शब्द बोलल्याखेरीज राहवणार नाहीं, त्याची क्षमा असावी. सांथीच्या रोगांचा कायदा ४ फेब्रुवारी १८९७ रोजीं मुंबईंतील प्लेगासाठीं झाला. मूळ कायदा चार कलमांचा. पोस्टकार्डावर मावेल इतका. सरकारनें वाटेल ते निर्बंध घालावे, मोडणारास शिक्षा व्हावी, आणि निर्बंध घालणारावर फिर्याद होऊं नये, एवढें त्यांत स्पष्ट आहे. ज्याचें येणेंजाणें बंद केलें त्यानें त्या दिवशीं काय खावें, याविषयीं एक अक्षर नाहीं. नवल असें कीं, त्याच काळीं याच देशांत दुसऱ्या जातीचे नियमहि चालू होते. १८८० च्या दुष्काळ-कमिशनानंतर प्रांतोप्रांतीं दुष्काळाचे कोड तयार झाले. परीक्षेचीं कामें केव्हां काढावीं, खोदणाराची मजुरी धान्याच्या भावाशीं कशी जुळवावी, ज्यांना काम करवत नाहीं त्यांस घरबसल्या मदत कोणीं द्यावी, हें त्यांत हुद्देवार लिहिलें होतें. तें सरकार परकी होतें आणि त्याचा हात आंखडताहि होता. १८९९-१९०० च्या दुष्काळांत मध्यप्रांतानें काय सोसलें, हें आपल्या आजोबा-पणजोबांच्या तोंडून उतरत आलेलेंच आहे. तथापि उपासमार झाली तर ती कोणाची चूक, एवढें तरी कोडांत सांपडत असे. सांथीच्या कायद्यांत अधिकार आहे आणि कर्तव्य नाहीं. २००५ च्या आपत्ति-व्यवस्थापन कायद्यानें ही उणीव बरीचशी भरून काढली, कारण त्याच्या १२ व्या कलमांत मदतीचीं किमान मानकें ठरविण्याचें काम राष्ट्रीय प्राधिकरणावर टाकलें आहे. त्या कलमाचें महत्त्व आम्ही पुढें सांगूं. मयत माणसांच्या बायकामुलांचा प्रश्न त्यावरच टांगलेला आहे.

१९१८ ची इन्फ्लुएन्झाची सांथ आज पाहिलेला कोणी उरला नाहीं. सबंध देशांत त्या सांथीनें एक कोटी वीस लाखांहून कमी माणसें नेलीं नाहींत असें गणित करणारे सांगतात, व कित्येकांचा अंदाज त्याहूनहि पुष्कळ मोठा आहे. मध्यप्रांत हा सर्वांत अधिक पोळलेल्या प्रांतांपैकीं एक. आणि त्याच सालीं पाऊसहि चुकला होता. घरांतलीं सगळींच माणसें एकदम पडलीं कीं पाणी देणारा राहत नसे. सांथ आणि उपासमार या आपल्या मुलखांत दोन वेगळ्या गोष्टी मानूं नयेत, एवढ्यासाठींच त्या सालाची आठवण काढली.

आतां २०२० कडे येतों. २४ मार्चच्या रात्रीं आठ वाजतां जाहीर झालें आणि बारापासून देश बंद. तो महिना आपल्या रानपट्टींत कसला असतो, हें जमीनदारांस सांगावयास नको. मोह गळूं लागतो. त्याच दिवसांत चंद्रपूर-गडचिरोलीचे मजूर तेलंगणांत मिरची तोडण्यास गेलेले असतात. मजुरी पैशांत, व पुष्कळदां मिरचींतहि. ते तिकडेच अडकले. मोटारी बंद, पुलांवर पहारे. मग डोक्यावर बोचकीं व कडेवर पोरें घेऊन लोक रानवाटांनीं निघाले. शेजारच्या बिजापूर जिल्ह्यांतील एक बारा वर्षांची मुलगी अशाच मिरचीच्या शेतांतून घरीं चालत येतांना, घर थोडें उरलें असतां वाटेंत मेली. तें त्या वेळीं साऱ्या वर्तमानपत्रांत आलें होतें. चंद्रपूर व गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांत रोगाचे पहिले रुग्ण मे महिन्यांत सांपडले. म्हणजे ती मुलगी मेली तेव्हां आपल्याकडे करोना आलेलाहि नव्हता, आणि सांथीचें पहिलें संकट मात्र दारांत उभें होतें.

आपल्या गांवकऱ्यांनीं त्या वेळीं जें केलें तें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. कित्येक गांवांनीं वाटेवर लांकडें आडवीं टाकून बाहेरचा माणूस रोखला. परतून आलेल्या आपल्याच माणसांस शाळेंत किंवा शेतांतल्या मांडवांत राहविलें आणि घरचें अन्न तेथें पोंचविलें. याला कोणी क्रूरपणा म्हणालें, कोणी शहाणपण. आमचें मत असें कीं, ज्या गांवापासून दवाखाना एक दिवसाच्या वाटेवर आहे, त्या गांवानें याहून चांगलें कांहीं करणें शक्य नव्हतें.

धान्याचें म्हणाल तर सरकारनें तें दिलें. एप्रिल २०२० पासून कार्डावरील दर माणशीं दरमहा ५ किलो धान्य मोफत मिळालें, अंत्योदय घरांस त्यांचें नेहमींचें ३५ किलो वेगळें. तालुक्याच्या गांवीं शिवभोजनाची थाळी १० रुपयांवरून ५ वर आली व एप्रिल २०२१ मध्यें मोफत झाली. गाडीरस्त्यावरच्या गांवांत तांदूळ बहुधा वेळेवर पोंचला. मग अडलें कोठें? आठवडी बाजार बंद पडले, तेथें. मोह वेंचून, वाळवून घरांत पडला; घेणारा नाहीं. हातांत पैसा नाहीं, म्हणून मीठ नाहीं, तेल नाहीं, सांबण नाहीं, आगपेटी नाहीं. मे महिन्यांत तेंदूच्या पानांचा हंगाम, पंधरा-वीस दिवसांचा. सत्तर पानांचा पुडा, हजार पुड्यांचें एक प्रमाण-बोद. त्यावर घराचें वर्षाचें कापडचोपड व बीबियाणें अवलंबून असतें. आणि ठेकेदार येतो कीं न येतो ही टांगती शंका. पोटांत भात होता, पण भाताबरोबर खावयाचें कांहीं नव्हतें. ही टंचाई चंद्रपुरांत बसून कळण्यासारखी नव्हती, आणि आम्हांस ती कळली नाहीं.

आमची चूक आम्हींच सांगावी हें बरें. पहिल्या खेपेस आम्हीं काय पाठविलें? गव्हाचें पीठ, साखर, चहा, आणि हात धुण्याच्या औषधाच्या बाटल्या. ज्या घरांत सकाळीं आंबील व दोन वेळां भात, त्या घरांत गव्हाचें पीठ गेलें. तवा नसलेल्या घरांत तें पावसाळ्यापर्यंत पडून राहिलें व त्यांत किडे झाले. बाटल्यांवर मराठी आणि इंग्रजी मजकूर होता. एका गांवीं ती पिण्याची वस्तु समजून कोणी तोंडास लावण्याच्या बेतांत असतां तेथील आशाताईनें हातांतून हिसकून घेतली. त्याच खेपेस देणगीदारांना दाखविण्यासाठीं म्हणून आमच्या स्वयंसेवकांनीं पीठ घेणाऱ्या बायांचीं छायाचित्रें काढलीं. त्यांतील एक म्हातारी फोटो झाल्यावर पिशवी तेथेंच ठेवून निघून गेली. कोणीं विचारलें नाहीं, कोणी बोललेंहि नाहीं. ती पिशवी आमच्या गाडींतून परत चंद्रपुरास आली, आणि कमिटीच्या खोलींत कित्येक दिवस कोपऱ्यांत पडून होती. या अहवालांत एकहि छायाचित्र नाहीं, याचें कारण तें आहे. दुसऱ्या खेपेपासून आम्हीं मीठ, तेल, तिखट, सांबण व आगपेट्या एवढेंच पाठविलें, आणि काय पाठवावें हें गांवांतल्या आशाताईस व ग्रामसभेस विचारून ठरविलें. खर्च निम्म्यावर आला.

त्याच सालीं ऑगस्टच्या अखेरीस गोसीखुर्द धरणाचे ३३ ही दरवाजे उघडावे लागले आणि वैनगंगा ब्रह्मपुरी, सावली, आरमोरी, गडचिरोलीकडील कांठच्या गांवांत शिरली. ब्रह्मपुरी तालुक्यांतील लाडजसारखीं गांवें चहूंकडून पाण्यानें वेढलीं. एकीकडे माणसानें माणसापासून दूर राहावें असा हुकूम, आणि दुसरीकडे एका शाळेंत अर्धें गांव. धानाच्या बांध्यांवर गाळ बसला. त्या पुराचा हिशेब वेगळ्या पानावर आहे. येथें इतकेंच सांगतों कीं, आपणांपैकीं ज्यांनीं आपलीं धानाचीं गोदामें त्या आठवड्यांत उघडून दिलीं, त्यांचीं नांवें त्यांच्याच आज्ञेवरून छापलेलीं नाहींत.

आतां साधनांविषयीं. दान देणारानें आधीं हें पाहावें कीं, सार्वजनिक पैसा कोठून किती येऊं शकतो. नाहीं तर सरकारनें जें द्यावयाचें तें आपण देतों, आणि जें कोणीच देत नाहीं तें तसेंच राहतें. चंद्रपूर हा कोळशाचा जिल्हा. २०१५ साली खनिजांच्या कायद्यांत झालेल्या दुरुस्तीनें खाणवाल्यांकडून स्वामित्वधनाखेरीज जिल्हा खनिज प्रतिष्ठानासाठीं रक्कम घेतली जाऊं लागली. मार्च २०२० मध्यें केंद्र सरकारनें त्या निधीच्या शिलकेपैकीं ३० टक्क्यांपर्यंत सांथीच्या उपायांस लावण्याची मोकळीक दिली. खासदारांचा निधि एप्रिल २०२० मध्यें थांबविला गेला व नोव्हेंबर २०२१ मध्यें पुन्हां सुरू झाला. आमदारांस एप्रिल २०२१ मध्यें आपल्या स्थानिक विकास निधींतून एक कोटीपर्यंत रक्कम सांथीच्या कामास लावतां येईल असें ठरलें. दोन्ही जिल्हे मिळून विधानसभेच्या नऊ जागा: राजुरा, चंद्रपूर, बल्लारपूर, ब्रह्मपुरी, चिमूर, वरोरा, आणि आरमोरी, गडचिरोली, अहेरी. या नऊ लोकप्रतिनिधींनीं आपल्या मतदारांस वेळोवेळीं काय सांगितलें, हें आम्ही लक्षपूर्वक वाचीत होतों. खाटा किती, रुग्णवाहिका किती, लस कोठें, हें त्यांनीं आपापल्या परीनें सांगितलें. तक्रार एवढीच कीं, तें सर्व मोबाईलवर आलें, आणि जेथें मोबाईलला रेंज नाहीं तेथल्या मतदारासच त्याची अधिक गरज होती. यंत्र आलें तर तें कोणत्या दवाखान्यांत आलें, चालतें कीं नाहीं, कोण चालवितो, हें बाजाराच्या दिवशीं माडिया व गोंडींत मोठ्यानें वाचून दाखविलें असतें, तर दहा छापील पत्रकांचें काम झालें असतें. पक्षाचें नांव आम्ही घेत नाहीं. या बाबतींत सगळे सारखेच होते.

दुसरी लाट एप्रिल २०२१ ची. तिचें वर्णन करण्याची आम्हांस इच्छा नाहीं, आणि या सभागृहांत असे पुष्कळ आहेत कीं ज्यांना तें ऐकवणार नाहीं. चंद्रपुरांत खाट मिळेना म्हणून लोक आपल्या माणसांस रुग्णवाहिकेंत घालून वरोऱ्यास, नागपुरास, तेलंगणांत हिंडवीत होते, आणि पहांटे तसेच परत येत होते. सरकारी वैद्यकीय महाविद्यालय चंद्रपुरास २०१५ पासून होतें म्हणून तेवढें तरी सावरलें. प्राणवायूची पहिली आगगाडी विशाखापट्टणहून २२ एप्रिल रोजीं सात टँकर घेऊन निघाली व दुसऱ्या दिवशीं नागपुरास आली. ती बातमी ऐकून आमच्या एका वृद्ध सभासदांनीं हात जोडले, तें आम्हांस आठवतें. त्याच आठवड्यांत आपण हवेंतून प्राणवायु काढण्याच्या यंत्रांसाठीं भरभरून पैसे दिले. यंत्रें घेतलीं, पाठविलीं. मिनिटास पांच किंवा दहा लिटर देणारें तें यंत्र. सौम्य दुखण्यास त्याचा उपयोग होतो, फार अत्यवस्थ माणसास पुरत नाहीं. आणि त्यास वीज लागते. वादळी पाऊस झाला कीं रानांतली वीज दिवसदिवस जाते. जनित्र पाहिजे, डिझेल पाहिजे, गाळणी बदलणारा माणूस पाहिजे. हें आम्ही यंत्रें घेण्यापूर्वीं विचारावयास हवें होतें, नंतर विचारलें. त्यांतलीं कांहीं यंत्रें पुढें पेटींतच बंद पडून राहिलीं. ज्या आरोग्यकेंद्रांत एक माणूस यंत्राची निगा राखण्यास नेमलेला होता तेथें तीं चाललीं, आणि त्यांनीं माणसें वांचविलीं, हेंहि तितकेंच खरें.

लसीच्या बाबतींत वकिलाचें डोकें चाललें नाहीं, आशाताईचें चाललें. १६ जानेवारी २०२१ पासून लस सुरू झाली. १ मेपासून अठरा वर्षांवरील सर्वांस मोकळी झाली, पण त्यांनीं मोबाईलवर आधीं नोंदणी करावी असा नियम. जेथें रेंज येण्यासाठीं टेकडीवर चढावें लागतें तेथें नोंदणी कसली? शहरांतले लोक मोटारी घेऊन खेड्यांतल्या केंद्रांवर येऊन टोंचून गेले. इकडे रानांत अफवा: टोंचलें कीं ताप येतो, माणूस मरतो. हिंवतापाचा मुलूख, तापानें मरणारीं माणसें लोकांनीं पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेलीं. त्यांच्या भयास अडाणीपणा म्हणणें सोपें आहे, पण त्यांनीं विचारलेला प्रश्न रास्त होता: 'हिंवतापाच्या वेळीं इतकी घाई करून कोणी आलें नाहीं, आतांच कां?' याचें उत्तर आमच्याजवळ नव्हतें. जेथें आशाताईनें व गांवपुजाऱ्यानें आधीं स्वतः टोंचून घेतलें, माडियांत समजावलें, आणि रोवणीच्या दिवसांत न येतां रोवणी आटोपल्यावर बोलाविलें, तेथें लोक आले.

खेड्यांतल्या शिकविलेल्या बाईवर भरंवसा ठेवावा, ही कल्पना आपल्या जिल्ह्यास नवी नाहीं. धानोरा तालुक्यांत शोधग्राम येथें डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनें, जी १९८६ पासून काम करते, ३९ गांवांत गांवच्याच बायांस नवजात बालकांची शुश्रूषा शिकविली. तेथील नवजात बालमृत्यु निम्म्याहूनहि अधिक घटले, व १९९९ मध्यें 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रानें तो वृत्तान्त छापला. हेमलकशास १९७३ पासून लोकबिरादरीचा दवाखाना आहे. या दोहोंनींहि आधीं माणसें उभीं केलीं, इमारती मागाहून आल्या. आशाताईंनीं मात्र जून २०२१ मध्यें मानधनासाठीं संप केला तेव्हां टाळ्या वाजविणारे पुष्कळसे गप्प राहिले. आम्हीहि गप्पच होतों.

आतां ज्यासाठीं आपणांस बोलाविलें तें.

कमिटीचे कांहीं मान्यवर सभासद व दोन मोठे देणगीदार यांचें म्हणणें असें कीं, शिलकेंत आणखी भर घालून एक सुसज्ज रुग्णवाहिका घ्यावी, तिच्यावर देणाराचें नांव असावें, आणि ती चंद्रपुरांत ठेवावी. सूचना उदार आहे. तिला विरोध करणें आम्हांस जड जातें, कारण सूचना करणारांच्या घरांतलें माणूस त्या एप्रिलांत रुग्णवाहिकेवांचून गेलें, हें आम्ही जाणतों. तरी आमचें मत वेगळें आहे, आणि तें असें.

जीं माणसें मेलीं त्यांपैकीं पुष्कळांचें मरण कागदावर नाहीं. दवाखान्यांत गेलेला माणूस नोंदला गेला. घरीं तापानें मेला, रानांत पुरला, त्याची नोंद कोण करणार? सुप्रीम कोर्टानें ३० जून २०२१ रोजीं वर सांगितलेल्या १२ व्या कलमाच्या आधारें करोनानें मेलेल्यांच्या वारसांस रक्कम दिलीच पाहिजे असें ठरविलें. ती ५० हजार रुपये ठरली. मग २४ मार्च २०२२ रोजीं कोर्टानें मुदत घातली: त्याच महिन्याच्या २० तारखेपूर्वींच्या मृत्यूंसाठीं ६० दिवस. भामरागडच्या विधवेस त्या साठ दिवसांत ती मुदत आहे हेंच कळलें नाहीं. ज्यांस खरीच अडचण होती त्यांनीं तक्रार-निवारण समितीकडे जावें अशी फट कोर्टानें ठेवली आहे. पण त्या फटींतून जावयास प्रथम मृत्यूचा दाखला पाहिजे. १९६९ च्या जन्ममृत्यु-नोंदणी कायद्याप्रमाणें वर्ष उलटल्यावर नोंद करावयाची तर पूर्वीं न्यायदंडाधिकाऱ्याचा हुकूम लागे. २०२३ च्या दुरुस्तीनंतर जिल्हादंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा त्यांनीं नेमलेला कार्यकारी दंडाधिकारी तो देऊं शकतो. प्रतिज्ञापत्र, साक्षीदार, तालुक्याच्या दोन-तीन खेपा, आणि त्या दिवसांची बुडालेली मजुरी.

व्यापारी व जमीनदार मंडळींस आम्ही विचारतों: आपल्या घरीं कर्ता पुरुष गेला आणि वर्षभरांत फेरफार झाला नाहीं, तर आपण काय समजतां? येथें तर पांच पांच वर्षें नवरा सातबाऱ्यावर जिवंत आहे. सोसायटीचें कर्ज त्याच्या नांवावर. २००६ च्या वनहक्क कायद्यानें मिळालेला पट्टा वारसाहक्कानें बायकोमुलांस मिळतो, विकतां येत नाहीं. म्हणजे दुसऱ्या कोणीं लाटण्याचें भय कमी, पण नोंद झाल्याखेरीज धान खरेदी-केंद्रावर त्या जमिनीचा धान तिच्या नांवानें जात नाहीं. विधवा म्हणून निराधार योजनेचा अर्ज करावा तर दाखला कोठें? आमच्याकडे आलेली एक बाई नवऱ्याच्या आधारकार्डास हात लावून म्हणाली, 'साहेब, तुमच्या कागदांत तो आहे, तर मग घरीं कां येत नाहीं?' ती थट्टा नव्हती. आम्हीं तीस वर्षें कोर्टांत उलटतपासणी केली. इतका सरळ प्रश्न आम्हांस कोणीं विचारला नव्हता.

सबब आमची सूचना अशी. शिलकेचा मोठा भाग या कामास लावावा: एटापल्ली, भामरागड, अहेरी, कोरची, जिवती या तालुक्यांत स्थानिक भाषा जाणणारी शिकलेली मुलें-मुली पगारावर नेमावीं, त्यांनीं ग्रामसभेंत बसून न नोंदलेलीं मरणें लिहून घ्यावीं, दाखले, फेरफार, निराधाराचे अर्ज यांचा पाठपुरावा करावा, आणि तालुक्यास येणाऱ्या बाईची त्या दिवसाची मजुरी व मोटारभाडें कमिटीनें द्यावें. वकील मंडळींपैकीं आम्ही कांहीं जण फी न घेतां काम करण्यास तयार आहों. उरलेल्यांतून पावसाळ्यांत तुटणाऱ्या गांवीं मृगापूर्वीं मीठ, तेल व तांदुळाची कोठी भरावी, आणि पूर्वीं दिलेल्या यंत्रांची दुरुस्ती करणारा एक माणूस ठेवावा. पूर्वीं मालगुजारांनीं तलाव बांधले; ते आजहि माजी मालगुजारी तलाव म्हणून धानास पाणी देतात, आणि ते कोणीं बांधले हें बहुतेकांस ठाऊक नाहीं. या कामावरहि नांवाची पाटी लागणार नाहीं. ही त्याची उणीव आहे असें ज्यांस वाटतें, त्यांच्याशीं आम्ही भांडणार नाहीं.

रुग्णवाहिकेची सूचना आम्हीं दडपलेली नाहीं. दोन्ही सूचना या कागदाबरोबर जोडलेल्या आहेत. आपण मत लिहून, सही करून, या महिन्याच्या अखेरीपर्यंत चिटणिसांकडे द्यावें. बहुमत होईल तसें होईल, आणि रुग्णवाहिका ठरली तर तिच्या ड्रायव्हरच्या पगाराची तीन वर्षांची तजवीज आधीं व्हावी, एवढीच आमची अट राहील. नवी वर्गणी खजिनदारांकडे रोख, हुंडीनें अगर बँकेमार्फत द्यावी. धान्य असल्यास तांदूळ द्यावा, गव्हाचें पीठ देऊं नये. कोणीहि छापील पावतीशिवाय पैसा देऊं नये, मग मागणारा कमिटीचा अध्यक्ष कां असेना. मृग जूनच्या पहिल्या आठवड्यांत लागतो. कोठ्यांचा माल त्यापूर्वीं आलापल्लीच्या पलीकडे गेला पाहिजे.